मोरीनं नेलेलं बोट

माझ्या डाव्या हाताला चार बोटं आहेत. पाचवं कुठे गेलं ते भिवंडीत कुणालाही विचारा. निजामपुऱ्यातला पानवाला सांगेल, पडघ्याच्या एसटीचा कंडक्टर सांगेल, ज्यानं मला जन्मात पाहिलेलं नाही तोसुद्धा सांगेल, "चिंधूचं बोट ना? मुशीनं खाल्लं." मुशी म्हणजे शाळा शिकलेले लोक जिला शार्क म्हणतात ती. ती केवढी होती यावर मात्र एकमत नाही, आणि त्याला कारण मीच. सुरुवातीला ती हातभर होती. आमच्या कारखान्यात लूम दुरुस्त करणारा रामू जॉबर म्हणाला, हातभर मासळी अख्खं बोट कसं तोडील? मुद्दा रास्त होता, म्हणून मी तिला पुरुषभर केली. पुढे राघोच्या हॉटेलात गिऱ्हाईक वाढलं तशी मुशीही वाढली. अलीकडे तर ती आमच्या अंजूरच्या खाडीत वळायला लागली की तोंड कशेळीला आणि शेपूट काल्हेरला लागायची. उत्तरेकडून आलेले नवे कारीगर विचारायचे, "चचा, इतनी बड़ी थी तो एक ही उँगली क्यों खाई?" मी म्हणायचो, "उस दिन उसका उपवास था. फराळापुरतं घेतलं."

गेली ती तर्जनी. मी डावखुरा. म्हणजे दुसऱ्याकडे दाखवायचं जे बोट असतं, नेमकं तेच गेलं.

आता खरं काय ते तुम्हाला सांगतो. तुम्ही काही अय्यूब सेठकडे जाऊन सांगणार नाही.

बोट अय्यूब सेठच्या कापड विणायच्या कारखान्यात गेलं. बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट असेल. अनंता आमच्या अंजूरचा, माझ्यापेक्षा बराच लहान. शेतात त्याचं मन रमेना, म्हणून त्याची आई आनंदीबाई त्याला घेऊन माझ्या दारात आली. "चिंधू, याला तुझ्या बोटाला धर नि कारखान्यात ने." नेला. लूमपुढे उभा केला, सुताचा तुटलेला तार जोडायला शिकवलं, लूम बंद कसा पडतो ते नुसत्या आवाजावरून ओळखायला शिकवलं. पोरगा हुशार, पण नजर जागेवर नाही. एकदा त्याच्या लूममधला सूत इकडून तिकडे नेणारा धोटा उडाला आणि त्याच्याच डाव्या भुवईतून गेला. भुवईचे दोन तुकडे झाले ते कायमचे. दुसऱ्यांदा, एका कारीगराचा हात आत असताना यानं शेजारून लूम चालू केला. त्या कारीगराचं सदऱ्याच्या बाहीवर निभावलं. सेठनं तेव्हाच बजावलं होतं, "अनंता, और एक बार ऐसा हुआ ना, तर परत गावाला जाऊन भात लावायचा."

एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या लूमच्या दातेरी चाकांत सुताचा गुंता अडकला. मी लूम बंद केला आणि हात आत घातला. अनंता मागून आला. त्याच्या डोक्यात रामू जॉबरची पोरगी मैना होती, पुढच्याच आठवड्यात त्यांचा साखरपुडा होता. लूम बंद का आहे हे त्यानं पाहिलं नाही. हॅण्डल ओढलं.

आधी दुखलं नाही. आधी आवाज आला, चरकात ऊस घातल्यासारखा.

अनंतानं काय केलं असेल? डॉक्टर? नाही. त्यानं बादली घेतली आणि पाणी ओतत सुटला. फरशीवरचं रक्त आणि रक्ताबरोबर माझं बोट, दोन्ही मोरीत वाहून गेलं. मोरीतून नाल्यात, नाल्यातून कामवारी नदीत, नदीतून खाडीत. खाडीत मुश्या असतातच. म्हणजे शेवटी ते मुशीनंच खाल्लं असणार. मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. जरा लवकर बोललो.

बोललो, कारण अनंता माझ्या पायावर पडला होता. "दादा, सेठ मना काढंल. रामूमामा पोरगी देनार न्हाय. आय हाय खाऊन मरंल." आसपास कुणी नव्हतं, बाकीचे चहाला गेले होते. मी हाताला चिंधी गुंडाळली आणि नावाला जागलो. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. शनिवारी सेठसमोर उभा राहून म्हणालो, "सेठ, काल खाडीत गळ टाकून बसलेलो. मुशीनं बोट नेलं."

ती माझी पहिली मोठी थाप. बाकीच्या सगळ्या तिच्या पोटच्या.

अनंताचं लग्न झालं. मुकादम झाला, दोन मुलं झाली. त्या बोटाविषयी आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. पहिली काही वर्षं मी राघोच्या हॉटेलात मुशी सांगायला लागलो की अनंता खाली मान घालून बशीतला चहा ढवळायचा. बशीतला! मग हळूहळू हसायला लागला. मग सगळ्यांत मोठ्यानं हसायला लागला. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण आपली थाप रंगली की आपल्याला दुसरं काही दिसत नाही.

आता शहात्तर सालाकडे येतो. आणीबाणीचा काळ. हॉटेलात कुणी कशाबद्दल बोलावं याची पंचाईत होती, त्यामुळे माझ्या मुशीला फार बरे दिवस आले होते. तिच्याबद्दल कितीही बोला, कोणी पकडून नेत नव्हतं. त्या रमजानात एक दिवस अय्यूब सेठनं मला गादीवर बोलावलं. अनंता तिथेच उभा होता.

"चिंधू," सेठ म्हणाला, "तू माझा सगळ्यात जुना कारीगर. ईदनंतर तुला तुझ्या मुशीकडे घेऊन जातो."

"सेठ, ती आता कुठं हयात असंल?"

"नूरभाई तांडेल शोधून देतो बोलला. बंबईचे शौकीन लोक त्याच्याकडे येतात. होडी त्याची, गळ त्याचा, शिकवणारा तोच. तुला फक्त बसायचं आणि ओळखायचं."

"जा रं दादा," अनंता म्हणाला. "इतकी वरसं आमी तिच्याबद्दल ऐकतोय. एकदा भेट तरी घडंल."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. कारखान्यातल्या माणसाला ईदचं कापड मिळतं, मिठाई मिळते. मुशी कुणाला मिळालीय?

रंगूबाईला, म्हणजे आमच्या घरच्या सरकारला, सांगितलं तर ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाला शिकारी म्हनून नेतान का आमिष म्हनून?"

"सेठ प्रेमानं नेतोय."

"सेठ लोक फुकट चहा पाजत न्हाईत. दर्या कुठला दाखवतान."

बाईमाणसाला दर्या कळत नाही, असं मी म्हणालो. ती हसली. ते हसू मला मागाहून फार दिवस ऐकू येत होतं.

बुकिंग करायला आम्ही तिघं निजामपुऱ्यात गेलो. नूरभाईच्या मेहुण्याचं तिथे सूत गुंडाळायच्या कांड्या-बॉबिनचं दुकान. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, त्यामुळे तिथलं सगळं बोलणं भांडल्यासारखं. नूरभाई बॉबिनच्या पोत्यावर बसला होता. मूळचा दाभोळकडचा, आयुष्यभर जहाजावर खलाशी, आता वसईला स्वतःची इंजिनची होडी. दाढी मेंदीनं लाल, आवाज वाऱ्यात बोलायची सवय असलेला.

"मोरी धरायला जायचंय ना?" त्यानं विचारलं.

सेठ दचकला. "मोरी? मोरी तो घर में है भाई. आठ दिवस तुंबलीय. तिला धरायला म्युनिसिपालटीचा माणूस येणार आहे."

"अहो सेठ, दर्यातली! दातवाली!"

"मग मुशी बोलो ना!"

"मुशी तुमच्या ठाण्याकडं. आमच्या दाभोळात तिला मोरीच म्हणतात. माझ्या बापानं मोरी म्हटलं, आज्यानं मोरी म्हटलं. एका भिवंडीसाठी मी मासळीचं नाव बदलू होय?"

दुकानात हशा पिकला. मेहुणा म्हणाला, "घ्या! आमच्या घरात भांडी घासतात ती बी मोरी नि हे दर्यात धरतात ती बी मोरी." मग नूरभाईनं चौकशी चालवली. पोहता येतं का, होडी लागते का, छातीचं दुखणं आहे का. सेठनं सगळ्याला छाती काढून उत्तरं दिली. शेवटी नूरभाईनं विचारलं, "याआधी कुनी धरलीय?"

अनंतानं माझ्या पाठीवर थाप मारली. "यानं न्हाय धरली. तिनं याला धरलेला."

मी हात पुढे केला. नूरभाई उठला. माझा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तर्जनीच्या जागी राहिलेल्या खुंटावरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावर हसू म्हणून नव्हतं. "या अल्ला," तो म्हणाला. "चाचा, तुमी होडीत पुढं माझ्याजवळ बसायचं. मोरीनं सोडलेला माणूस बरोबर असला की बरकत असते."

इतक्या वर्षांत माझ्या मुशीवर मनापासून विश्वास ठेवणारा हा पहिलाच माणूस. मी एवढा हरखलो, की सेठ आणि अनंता यांनी एकमेकांकडे पाहिलं ते दिसूनही मला दिसलं नाही. मला वाटलं, कौतुकानं पाहिलं.

सेठनं विसार दिला. एक बोट गेलं म्हणून दुसरी बोट ठरली.

परत येताना सेठनं आणखी एक गोष्ट काढली. नव्या शेडमधल्या चार लूममध्ये तो अनंताला भागी देणार होता. दर्यावरून आलं की सही. "भागीदार हो गया तेरा चेला," सेठ म्हणाला. मला आनंदच झाला. ज्याला बोटाला धरून आणला तो चार लूमचा भागीदार होतोय. मी रस्त्यातच त्याला मिठी मारली. त्याचं अंग जरा ताठ लागलं. मी म्हटलं, मोठा माणूस झाला, लाजत असेल.

ईद झाली. कारखाना बंद, कारीगर आपापल्या गावी. सेठच्या कापडाच्या टेम्पोतून आम्ही पहाटे वसईला पाचूबंदरावर पोचलो. नारळी पौर्णिमा होऊन दीड महिना झालेला, दर्या शहाण्यासारखा वागत होता. सेठ पांढरा झब्बा घालून, अत्तर लावून आला होता.

नूरभाईनं नाक फुरफुरवलं. "सेठ, अत्तर कशाला? मोरीला वास कोसावरनं येतो. तिला वाटंल निकाहला बोलावलंय."

होडीत चढताच त्यानं सगळ्यांना ताकीद दिली. दोर हाताला गुंडाळायचा नाही. काठावरून वाकायचं नाही. मी 'सोड' म्हटलं की सोडायचं, मागे कोण, पुढे कोण बघायचं नाही. "मासळी गेली तर दुसरी येती," तो म्हणाला. "हात दुसरा येत नाय. चाचांना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अनुभवी माणसासारखी मान हलवली. मनातून माझं पाणी झालं होतं. अहो, मी जन्मात बाजारातल्या टोपलीतली मुशी सोडून दुसरी पाहिली नव्हती. तीही कापलेली.

किनारा पुसट झाल्यावर नूरभाईनं इंजिन बंद केलं. मासळीची आतडी आणि रक्त कालवलेलं पाणी दर्यात ओतलं. तळहाताएवढा गळ, त्याला साखळी, साखळीला मनगटाएवढा दोर. गळाला अख्खा वाम मासा लावला आणि सोडून दिला. मग वाट बघणं आलं. सेठ थोड्याच वेळात होडी लागून पिवळा पडला आणि ईदचा शीरखुर्मा दर्याला देऊन मोकळा झाला. नूरभाई म्हणाला, "द्या, द्या. तेवढंच आमिष."

अनंतानं डबा उघडला. मैनेनं तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी दिली होती. माझी भाकरी वेगळ्या फडक्यात बांधलेली, आधीच मोडून, घास-घास करून. चार बोटांनी भाकरी मोडायला मला जड जातं हे तिच्या ध्यानात असतं. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून असतं. "मैना बोलली, भावजींचं फडकं येगळं," अनंता म्हणाला, आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मी तोंडात पहिला घास घातला आणि दोर ताठ झाला.

पुढचं मी नेहमीच्या पद्धतीनं सांगू शकतो. मुशीनं होडी डहाणूपर्यंत ओढत नेली, नूरभाईची दाढी भीतीनं पांढरी झाली, वगैरे. पण आज राहू दे. दोर ताठ झाला, नूरभाई ओरडला, आणि आम्ही तिघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. कधी ती आमच्याकडे यायची, कधी आम्ही तिच्याकडे. तळहात सोलवटले. अखेर दमून ती होडीच्या कडेला आली.

पुरुषभर होती. मी रामू जॉबरला सांगितली होती तेवढीच.

करड्या पाठीवर ऊन पडलं होतं, अंग ओल्या गोणपाटासारखं. एका बाजूला कलंडली तेव्हा तिचा डोळा दिसला, बिनओळखीचा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला काहीही वाटलं नाही. वाटणार कसं? आमचा काही व्यवहारच झाला नव्हता.

"पहचान, चिंधू!" सेठ ओरडला. "यही है?"

"न्हाय सेठ," मी म्हणालो. "ही तिची धाकटी जाऊ."

सेठ एवढा हसला की खाली बसला. डोळे पुसत म्हणाला, "बस कर बाबा, बस कर. अब तो छोड़. मला सगळं माहीत आहे. अनंताने मला रमजानातच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"अरे, लाजतोस काय? ड्युटीवर झोप लागली, झोपेत हात चाकात गेला. होतं माणसाचं! नशीब समज, अनंता धावत आला आणि त्यानं लूम बंद केला, नाहीतर अख्खा हात गेला असता. आणि बिचाऱ्यानं तुझी इज्जत राखायला इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. तुझी मुशी ऐकत राहिला." सेठनं अनंताच्या खांद्यावर हात टाकला. "खरं सांगू? म्हणूनच मी याला भागी देतोय. जो दुसऱ्याची अब्रू एवढी वर्षं झाकतो, त्याच्या हातात चार लूम द्यायला मला भीती वाटत नाही."

दोर ओढताना मैनेचं फडकं पायाशी पडलं होतं, ते मी उचलून मांडीवर घेतलं.

मी अनंताकडे पाहिलं. तो दोराकडे बघत होता. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, सेठ, तसं नाही. तेवढा वेळ मी दिला. होडी एकदा वर गेली, खाली आली. मग तो हसला, हॉटेलात हसतो तसा सगळ्यांत मोठ्यानं, आणि म्हणाला, "दादा, सोड ना आता. मुशी न्हाय नि बिशी न्हाय. बोट मोरीत गेलं, मोरीत!"

म्हणजे बोट कुठे गेलं हेसुद्धा त्याला पक्कं आठवत होतं. विसरला होता ते फक्त हॅण्डल.

सेठ पुन्हा हसायला लागला. नूरभाई मात्र हसला नाही. त्यानं दोर खुंट्याला पक्का केला आणि कपाळाला आठ्या घालून अनंताला विचारलं, "यात हसायचं काय?"

"म्हंजे?"

"बोट मोरीत गेलं, हेच तर चाचा इतकी वर्षं सांगतायत! तूच आत्ता कबूल केलंस. ही काय, तुमच्यासमोर हाय मोरी. दात बघा तिचे. आणि माणसाचं बोट गेलं तर तुमी हसता? शरम नाय वाटत?"

अनंताचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, ही मोरी न्हाय... ती मोरी... भांडी घासायची..."

"भांडी घासायची मोरी बोट तोडती होय? येडा समजतोस मला?"

सेठचं हसू थांबलं होतं. नूरभाईच्या आवाजात असं काही होतं की सेठला आपल्या वयाची आठवण झाली असावी. तो माझ्याकडे वळला, नीट बघायला लागला. आमची ओळख त्याच्या वडिलांच्या वेळची. "चिंधू," तो हळू आवाजात म्हणाला, "मजाक छोड़. आज दर्यावर आहोत, कसम आहे तुला. बोट किसने लिया?"

आता ऐका. खरं माझ्या जिभेवर होतं. एक शब्द सांगायचा होता, 'हॅण्डल'. त्या एका शब्दानं चार लूम गेले असते, मुकादमी गेली असती आणि अनंता पुन्हा भात लावायला गेला असता. अनंतालाही ते माहीत होतं. त्याची तुटकी भुवई फडफडत होती. पण त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि तिच्याच जिवावर तो हा खेळ खेळला होता. चौदा वर्षं थापा मारलेल्या तोंडून खरं आलं तर ते खरं म्हणून घेणार कोण? लोक म्हणाले असते, चिंधूची मुशी मेली, आता त्यानं अनंताला पाण्यात सोडला. ती मुशी मी त्याच्यासाठी पाळली, त्याच्यासाठी मोठी केली, आणि त्यानं तिलाच माझ्या अंगावर घातलं.

शिवाय मांडीवर ते फडकं होतं. घास-घास केलेली भाकरी.

मी हात वर केला. अनंताकडे दाखवायला की काय, मलाच माहीत नाही. दाखवायचं बोट जागेवर नव्हतं. उरलेली चार बोटं हवेत नुसती लटकली.

"मोरीनं," मी म्हणालो.

नूरभाईनं मान डोलावली, जणू खटल्याचा निकाल लागला. सेठनं मोरी म्हणजे कारखान्यातली समजून सुस्कारा सोडला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, चुकलेल्या पोराला माफ करावं तसा. अनंतानं काय समजून घेतलं ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"चाचा, वर घ्यायची का?" नूरभाईनं मुशीकडे बोट दाखवलं. "दुश्मन तुमची. तुमी म्हणाल तसं."

"सोड तिला," मी म्हणालो. "हिनं माझं काय खाल्लंय?"

सेठ कुरकुरला, ट्रिपचा विसार वाया गेला म्हणाला. नूरभाईनं ऐकलं नाही. वाकून साखळीजवळ दोर कापला. मुशी जराशी तशीच पडून राहिली, मग शेपटीचा एक फटकारा मारून गेली. भाकरी मी दर्यात सोडली. फडकं घडी करून अनंताच्या हातात दिलं. "मैनेला सांग, जेवलो."

घरी आलो तर रंगूबाई दारात. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. पाणी दिलं आणि म्हणाली, "आमिष तर आमिष. जित्ते आलात ना."

पुढच्या सोमवारी सही झाली. अनंतानं पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवले, बाकीच्यांना एकेक.

पोरं मग हॉटेलात माझी टर उडवायला लागली, चचा को ड्युटी पे नींद आई. राघोनंसुद्धा विचारलं, "काय चिंधूशेट, मुशी संपली का?" मी म्हटलं, संपली कशी? प्रत्यक्ष भेटून आलोय. आणि पुन्हा सांगायला लागलो. पण आता तिच्यात थोडा फरक केला. लांबी तीच ठेवली, कशेळी ते काल्हेर. फक्त तोंड जरा बदललं. आता माझी मुशी पाण्यातून वर येते तेव्हा आधी तिची डावी भुवई दिसते. मधोमध चिरलेली. मुशीला भुवई असते का, असं एका कारीगरानं विचारलं. मी म्हटलं, बाकीच्यांना नसते. हीच ओळखायची खूण. ती लहान होती तेव्हा मी तिला हातानं चारा घालायचो, म्हणून ती एवढ्या जवळ येते. माझ्या पायाशी येऊन रडली एकदा. आणि बोट तोडल्यावर तिनं सगळ्या खाडीत सांगितलं की चिंधू झोपला होता, मीच वाचवला.

लोक पोट धरून हसतात. गोष्ट पहिल्यापेक्षा चांगली झाली असं राघोचं मत आहे.

अनंता ऐकायला लागला की चहा अर्धा टाकून उठायचा. कधी हिशेबाचं निमित्त, कधी लाइट गेली म्हणून. पण गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो उठला नाही. केस पिकायला लागलेत त्याचे. गोष्ट संपेपर्यंत बसला, बशी तोंडाला न लावता. सगळे हसत असताना त्यानंच विचारलं, खाली बघून, "मग दादा, त्या मुशीचं पुढं काय झालं?"

"तिला काय होतंय?" मी म्हणालो. "मजेत हाय. चार लूममध्ये भागी हाय तिची."

हॉटेलात एवढा हशा उसळला की राघोची किटली सांडली. अनंता एकटा हसला नाही. बशीतला चहा ढवळत बसला.